मोबाईल बघून मूल वाढवणाऱ्या मुलींच्या बाजूने

गेल्या महिन्यात एका रात्री पावणेदोन वाजता माझ्या पुतण्याच्या बायकोचा फोन आला. वय २४, बाळ अडीच महिन्यांचं. मला वाटलं, बाळाला ताप भरला असेल. ती दबक्या आवाजात म्हणाली, “काकू, मोठ्या आत्यांनी ग्रुपवर टाकलंय ते वाचलंत का? ते माझ्यासाठीच आहे का हो?”

सकाळी वाचलं. तो मजकूर बहुधा तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल, कारण नंतर मला तो आणखी तीन ठिकाणांहून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या आज्यांनी दहा-दहा मुलं एकाही पुस्तकाशिवाय वाढवली आणि ती ठणठणीत निघाली. आजची आई मोबाईल बघून मूल वाढवते, म्हणून मुलं सारखी आजारी. आपली शुद्ध देशी पद्धत सोडून या मुली परदेशी खूळ घरात आणतात. परदेशी बायका तान्ह्या पोरांना वेगळ्या खोलीत रडत ठेवतात, आता आपल्याही मुली तेच करणार. ऊसतोडणीची बाई बघा, बाळंत होऊन आठवड्यात फडात उभी राहते, तिचे कसले नखरे नसतात. आणि शेवटी, या मुली कुणाचं म्हणून ऐकून घेत नाहीत.

ते टाकणाऱ्या माझ्या वन्सं. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली. पहाटे उठून शेगडी पेटवली, माझ्या मुलींना पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. त्यांचं ऋण मी विसरलेले नाही, म्हणून फोनवर दोन वाक्यांत उडवून न लावता नीट लिहायचं ठरवलं. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रसूती वॉर्डात मी २२ वर्षं सिस्टर होते. शेवटची काही वर्षं तर बाळंतिणींना अंगावर पाजायला शिकवणं एवढंच काम. एका ओळीत गेवराईची, आझमगढची, मालवणची, गोवंडीची, तिरुनेलवेलीची मुलगी. बहुतेकींचं वय १९ ते २५. त्या खाटांच्या मधून चालताना जे दिसलं त्यावरून बोलते आहे.

सुरुवात दहा मुलांपासून करते, कारण ते वाक्य आपण अर्धंच बोलतो. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपाशी एखाद्या दुपारी बसा आणि विचारा, “तुम्हाला किती झाली आणि किती राहिली?” ‘राहिली’ हा शब्द त्यांच्याच पिढीचा. माझ्या आजीला नऊ झाली, पाच राहिली. गेलेल्या चौघांपैकी दोघांची नावंसुद्धा ठेवून झाली नव्हती. ती आठवण निघाली की आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची, वयाच्या ८० व्या वर्षीही. पाचव्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते म्हणून आपण पाटी-लेखणी ठेवतो, रात्रभर दिवा तेवत ठेवतो. त्या पूजेत किती भीती साठलेली आहे, हे नवजात बाळांच्या वॉर्डात काम करायला लागल्यावर मला कळलं. पहिला आठवडा खरोखरच सर्वांत धोक्याचा असतो.

१९७१ साली आपल्या देशात जन्मणाऱ्या दर १००० बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत. २०२० च्या सरकारी नमुना पाहणीत हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. म्हणजे ठणठणीत निघालेली मुलं आपल्याला दिसतात, कारण ती दिसायला उरली. मुलं वाचू लागली ती मोबाईलमुळे, असं मी म्हणणार नाही. धनुर्वाताची सुई, गोवर-पोलिओची लस, जुलाबात साखर-मिठाचं पाणी, दवाखान्यातलं बाळंतपण, दोन बाळंतपणांतलं अंतर, मुलींचं शिक्षण, या सगळ्यांनी मिळून ते केलं. पण ‘पूर्वी मुलं ठणठणीत असायची’ हे म्हणताना माझ्या आजीच्या त्या चौघांना वगळावं लागतं, आणि ते मला जमत नाही.

आनंदीबाई जोशींची गोष्ट आपण ‘पहिली स्त्री डॉक्टर’ म्हणून सांगतो. त्याआधी त्या १४ वर्षांच्या आई होत्या. त्यांचा मुलगा दहा दिवस जगला. घरात वडीलधाऱ्या बायका नव्हत्या म्हणून तो गेला नाही, उपचार मिळाले नाहीत म्हणून गेला. त्या मुलीने पुढे काय केलं? समुद्र ओलांडून पेनसिल्व्हेनियाला गेली, १८८६ साली डॉक्टर झाली, आणि तिथे प्रबंधाला विषय कोणता घेतला, तर आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. आपल्याकडचं ज्ञान तिने टाकून दिलं नाही आणि परक्याचं नाकारलं नाही. दीडशे वर्षांपूर्वीची ही कल्याणची मुलगी मला आजच्या मुलींच्या फार जवळची वाटते.

चिकाबद्दल बोलल्याशिवाय मात्र पुढे जाता येणार नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांचं ते पिवळसर घट्ट दूध. ‘जड असतं, बाळाला पचत नाही, पिळून टाका’ असं मी मराठीत, भोजपुरीत, उर्दूत, तमिळमध्ये ऐकलं आहे. सांगणारी सासू असे, आई असे, कधी सोबत आलेली शेजारीण. त्याऐवजी मध, साखरेचं पाणी, शेळीचं दूध. चीक म्हणजे बाळाची पहिली लसच, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं धोक्याचं, हे आता नक्की माहीत आहे. सांगणाऱ्या कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. आपल्या नातवाला उत्तम तेच मिळावं म्हणून त्या चीक पिळून टाकायला लावत. पण माया खरी असली म्हणजे माहितीही खरी असते, असं नाही.

आजी की पुस्तक, हा वाद ज्यांनी कामातून मोडीत काढला ते लोक गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९० च्या दशकात गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाला उबदार ठेवायचं, हात धुऊनच घ्यायचं, लगेच पाजायचं, श्वास मोजायचा, जंतुसंसर्ग ओळखायचा, गरज पडली तर घरीच इंजेक्शन द्यायचं. त्या गावांमधला नवजात मृत्यूंचा दर हजारी ६२ वरून २५-२६ वर आला आणि १९९९ साली ते जगातल्या एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. शिकवायला कोण गेलं, तर शेजारीण. कुठे, तर त्याच बाजेपाशी, जिथे सासू बसलेली असते. २०११ पासून देशभर आशाताई बाळाच्या घरी जाऊन तपासतात, बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ४२ दिवसांत सहा वेळा, त्याची मुळं याच कामात आहेत. आजीच्या हातात नवी माहिती पडली की किती बाळं वाचतात, ते तिथे दिसलं.

आता ‘शुद्ध देशी पद्धत’. वन्संच्या कपाटात आजही ग्राइपवॉटरची बाटली असते. बाळ रडलं की “आमच्या वेळचं आहे, काही होत नाही” म्हणून एक चमचा. ते ग्राइपवॉटर १८५१ साली इंग्लंडात, नॉटिंगहॅमला, विल्यम वूडवर्ड नावाच्या औषधविक्याने बनवलं. मूळ नुसख्यात चक्क अल्कोहोल होतं. शंभर-सव्वाशे वर्षांत ते आपल्या देवघराशेजारच्या फडताळात असं बसलं, की आज त्याच्याकडे आजीबाईचा बटवा म्हणून बघितलं जातं आणि ‘नको’ म्हणणारी सून परदेशी ठरते.

किंवा ‘ग्लॅक्सो बेबी’ हा शब्द घ्या. गुबगुबीत बाळाला आपण अजूनही सहज तसं म्हणतो. ते नाव एका विलायती कंपनीच्या डब्याच्या दुधाचं. वन्संच्या तरुणपणी डब्याचं दूध ही सुशिक्षित, सुखवस्तू घराची खूण होती. गावोगाव सुदृढ बालक स्पर्धा भरत आणि बाळ जितकं गुटगुटीत तितकी आईची शान. ज्या बाईच्या घरी डबा येत नसे तिला कमीपणा वाटे. तेव्हाच्या तरुण आयांवरही बाहेरून प्रभाव पडत होताच. तो रेडिओवरून आला, मासिकातल्या जाहिरातीतून आला, दवाखान्यातून आला. चौथ्या महिन्यापासून वरचं सुरू करा, असं तेव्हा डॉक्टरच सांगत. पूर्ण सहा महिने फक्त आईचं दूध, ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली केली. त्यामुळे वन्संनी केलं ते त्यांच्या काळच्या चांगल्यात चांगल्या माहितीवर केलं, असंच मी मानते. सूनही तेच करते आहे, तिच्या काळच्या माहितीवर.

उलट दिशेनेही पुष्कळ गेलं. १९७० च्या दशकात फ्रेडरिक लेबॉयर हे फ्रेंच डॉक्टर कलकत्त्याला आले असताना त्यांनी एका आईला पाय पसरून, बाळाला पायांवर घेऊन तेल चोळताना पाहिलं आणि भारावून गेले. त्यांनी ते फ्रान्समध्ये नेलं. आज तिकडच्या आया ‘भारतीय मालिश’ म्हणून शिकतात ते आपल्या कोणत्याही आजीला येतं. आता ती पॅरिसची आई देशी झाली म्हणायची का?

आणि अंगणवाडी? मारिया मॉन्टेसरी या इटालियन बाईंचे बालशिक्षणाचे विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला घेतले, पचवले, स्वस्त केले, मातीतले केले. ताराबाई पुढे बोर्डीला आणि मग डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, अनुताई वाघ सोबत होत्या. वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्या शाळाच पाड्यावर घेऊन गेल्या, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात घेऊन गेल्या. वारली आयांची भाषा, त्यांचे दिवसाचे कामधंदे, धाकट्याला कडेवर घेऊन आलेली थोरली बहीण, हे सगळं धरून ती शाळा उभी राहिली. आपण ‘अंगणवाडी’ इतक्या सहज म्हणतो, त्या शब्दात इटली आहे, गुजरात आहे आणि डहाणूचा वारली पाडाही आहे. यातलं शुद्ध काय ते कुणी मला निवडून दाखवावं.

शुद्धतेचा आग्रह मला सोसत नाही, त्याला आणखी एक कारण आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. ज्या आईला पान्हा जास्त ती काढून देते, ज्या कमी दिवसांच्या बाळाला मिळत नाही त्याच्या पोटात ते जातं. धारावीच्या कुशीतलं ते रुग्णालय. कोणत्या गावाच्या, जातीच्या, धर्माच्या आईचं दूध कोणत्या बाळाला गेलं, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

वॉर्डातही तेच. आपली पाचवी, आझमगढच्या मुलीची छठी, गोवंडीच्या मुलीचा सातव्या दिवशीचा अकीका. आपली सहाणेवर उगाळलेली बाळगुटी, त्यांची घुट्टी, तिरुनेलवेलीच्या आजीचं तसंच दगडावर उगाळून दिलेलं चाटण. शेजारच्या खाटेवरची बाई काय करते, याकडे प्रत्येकीचं बारीक लक्ष. तीन दिवसांत त्यांच्यात जेवढी देवाणघेवाण होई तेवढी आमच्या तक्त्यांनी वर्षात झाली नसेल. त्यातली काही चांगली असे, काही घातक. डोळ्यांत काजळ मी सगळ्यांच्याच बाळांच्या पाहिलं आहे आणि सगळ्यांनाच नको म्हणून सांगितलं आहे. घरगुती असो की विकतचं, त्यात शिसं असू शकतं. तीट लावायची तर तळपायाला लावा, म्हणजे आजीचंही मन राहतं.

‘परदेशी बायका मुलांना वेगळं रडत ठेवतात’ या मुद्द्यावर मला आधी विचारायचं आहे, कोणत्या परदेशी? जॉन वॉटसन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली आयांना सांगितलं, मुलांना कुरवाळू नका, मुके घेऊ नका, फार तर सकाळी हस्तांदोलन करा. न्यूझीलंडमध्ये ट्रुबी किंग नावाचे डॉक्टर घड्याळ लावून चार-चार तासांनी पाजायला सांगत होते. पुढे १९४६ मध्ये डॉ. स्पॉक यांनी आपल्या पुस्तकात अमेरिकेतल्या आयांना बरोबर उलटं सांगितलं: तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं, बाळाला जवळ घ्या. तेव्हा तिकडच्या सासवाही म्हणाल्याच असणार, की या मुली पुस्तक बघून मूल वाढवतात.

हॉलंडमध्ये आया तीन शब्द घोकतात, त्यांचा अर्थ विश्रांती, स्वच्छता आणि नेम. सारा हार्कनेस आणि चार्ल्स सुपर या संशोधकांनी तिथली आणि अमेरिकेतली सहा महिन्यांची बाळं ताडून पाहिली, तर डच बाळं दिवसाला दोनेक तास जास्त झोपत होती. अमेरिकन आई बाळाला सतत खेळवायला, चाळवायला बघते, डच आई शांत ठेवायला. दोघीही गोऱ्याच. जपानमध्ये आईबापांच्या मध्ये मूल झोपतं आणि तिथले लोक त्याला नदीच्या अक्षराची उपमा देतात. त्यांच्या लिपीत ‘नदी’ म्हणजे तीन उभ्या रेघा, मधली आखूड.

ब्रॅडफर्ड या इंग्लंडातल्या शहरात २००७ पासून हजारो आया आणि बाळांचा पाठपुरावा चालू आहे. तिथे पाकिस्तानी वंशाच्या तरुण आया बाळाला जवळ घेऊन झोपतात, हे इंग्रज आरोग्यसेविकांना धोक्याचं वाटे. अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण त्यांच्यात कमी आहे. त्या सिगारेट ओढत नव्हत्या, दारू पीत नव्हत्या, सोफ्यावर बाळाला घेऊन झोपी जात नव्हत्या. इथे शिकायचं होतं ते इंग्रजांना, पाकिस्तानी आजीकडून. पण लगेच न्यूझीलंडकडे बघा. तिथल्या माओरी आयाही बाळाला कुशीत घेत, पण त्यांच्यात सिगारेटचं प्रमाण मोठं असल्यामुळे बाळं दगावत. ‘कुशीत घेऊ नका’ हे सांगून काही उपयोग झाला नाही. मग त्यांच्यातलेच एक डॉक्टर, डेव्हिड टिपेने-लीच, आणि पात्यांच्या टोपल्या विणणाऱ्या माओरी बायका यांनी मिळून वहाकुरा तयार केलं. बाळापुरती विणलेली परडी, ती आईच्याच बिछान्यात ठेवायची. बाळ कुशीतही राहतं आणि गुदमरण्याचा धोकाही कमी होतो. परंपरा आणि विज्ञान यांनी एकमेकांना कसं ऐकावं, याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आणि मुंबईत वेगळी खोली आहे कुणाकडे? दहा बाय बाराच्या खोलीत सासू, सासरे, दीर आणि हे तिघं. तिथे बाळ आईपाशीच झोपतं. बाळाला पाठीवर निजवा, मोहरीची उशी काढा, बाळाच्या अंगाखाली-तोंडाशी मऊ काही ठेवू नका, घरातल्या पुरुषांना बिडी-सिगारेट बाहेर ओढायला सांगा, एवढंच मी सांगत आले. आमची सूनही बाळाला खाटेला लागून असलेल्या पाळण्यात, हाताच्या अंतरावर झोपवते. यात कोणाला काय परदेशी दिसलं, मला कळलं नाही.

  

ऊसतोडणीच्या बाईचं उदाहरण वाचून मात्र मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. ज्याने ते लिहिलं त्याने फड पाहिलेला नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, नगरकडून लाखो माणसं सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडायची असते. एक दिवस कामावर आलं नाही तर खाडा, म्हणजे मजुरी तर नाहीच, वर दंड. बाळंत झाली म्हणून खाडा माफ होत नाही. ती आठव्या दिवशी उभी राहते ती खाड्याच्या भीतीने. याला नखरे नसणं म्हणणाऱ्याने स्वतःच्या मुलीला तिथे उभी करून बघावं.

गेवराईकडची एक मुलगी दुसऱ्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती, नवरा मुंबईत बांधकामावर लागला म्हणून. वय २०. आधी तीन हंगाम कोयत्यावर गेलेली. पाजताना एकदा आपणहून बोलली, “सिस्टर, थोरलीला पाचटावर निजवायची. ती रडली की पान्हा यायचा, झंपर भिजून जायचा, पर डोक्यावरची मोळी टाकून जाता येईना.” ती बाई बाळाला पाजत नव्हती यात तिच्या संस्कृतीचा काय दोष? आणि पाजायला जाऊ शकली असती तर त्यात कोणत्या मोबाईलचा पराक्रम? लसीचं कार्ड गावच्या अंगणवाडीत, मूल फडावर, डोस चुकलेला. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेला बीड जिल्ह्याचा आकडा आठवा: पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या. विश्रांती न मिळालेल्या शरीरांची ती मोजदाद आहे. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर १०० बायकांपैकी जवळपास २२ जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आहे. हंगाम जवळ आला की कोयता पुरा करण्यासाठीही मुली उजवल्या जातात. फडातली बाई मूल कसं वाढवते यावर सर्वांत मोठा प्रभाव कोणाचा, असं मला विचाराल तर मी मुकादमाच्या वहीचं नाव घेईन.

आपल्या जुन्या रीतीत बाळंतिणीला सव्वा महिना उठू देत नसत. पहिलं बाळंतपण माहेरी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, अंग चोळून शेक, घरकामाला हात नाही. ही रीत मला आपल्या परंपरेतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. पण ती होती कुणासाठी? शेतमजूर बाईला, दुसऱ्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला तेव्हाही सव्वा महिना मिळत नव्हता. आज कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, तीही नोकरीच्या कागदावर नाव असलेल्या बाईला. फडातल्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. परंपरा वाचवायची असेल तर ही वाचवा आणि सगळ्यांना द्या.

मोबाईलबद्दल वन्संचं एक खरं आहे. तिथे घाबरवणारे लोक फार आहेत. रात्री तीन वाजता थकलेल्या मुलीसमोर एकामागून एक चित्रफिती येत राहतात: तुमच्या बाळाने अजून मान धरली नाही? हे अमुक पाजलं नाही? कायदा १९९२ पासून आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला, दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करता येत नाही. पडद्यावर ती सल्ल्याचं रूप घेऊन येते. हे मुलींना ओळखायला शिकवायला हवं. पण मोबाईल हिसकावून घेऊन ते होणार नाही. रात्री तीनला जागं असणारं दुसरं कोणी त्या घरात आहे का, हे आधी बघावं लागेल.

राहिलं ‘ऐकून घेत नाहीत’. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिन्यांच्या आतल्या दर १०० बाळांपैकी ४६ बाळं फक्त आईच्या दुधावर होती. २०१९-२१ मध्ये ६४. मधल्या याच १५ वर्षांत मोबाईल घराघरांत आला. मोबाईलने हे घडवलं असा दावा मी करत नाही, पण मोबाईलने मुली बिघडल्या हा दावाही या आकड्यांपुढे टिकत नाही. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बायका ३९ टक्क्यांवरून ८९ वर गेल्या. जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं मात्र २०१९-२१ मध्येही ४२ टक्केच. त्याचा दोष मी मुलींना देत नाही, तो आमचा आहे. त्या घडीला बाळ आईच्या नव्हे, सिस्टरच्या हातात असतं.

मुली ऐकतात. इतकं ऐकतात की त्यांचे डोळे भरून येतात. सासू म्हणते पाणी पाज, आशाताई म्हणते थेंबही नको, आई फोनवर म्हणते दूध कमी पडतंय, शेजारीण म्हणते दृष्ट काढ, मोबाईल म्हणतो वजन तपास. यातलं प्रत्येक माणूस तिला काहीतरी सांगतं आणि नंतर चुकलं तर पाचही जण तिच्याकडेच बोट दाखवतात. दुसरीकडून येऊन पडलेल्या मुलीचं तर विचारूच नका. आझमगढहून लग्न होऊन थेट नालासोपाऱ्याला आलेली, किंवा सांगलीहून जर्मनीला गेलेली. पहिलीला दवाखान्यातलं मराठी कळत नाही, दुसरीला तिथल्या सुईणीचं जर्मन. दोघींचाही आधार तो मोबाईलच, कारण त्याच्या पलीकडे तिची आई असते.

त्या रात्री सुनेला मी मजकुराबद्दल काही बोलले नाही. विचारलं, “जेवलीस का?” थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “सकाळी पोहे खाल्ले होते, काकू.” पुतण्या रात्रपाळीला, तिची आई लातूरला आजारी, सासू गेल्या वर्षी वारली. बाळाला ढेकर काढायला खांद्यावर घ्यायचं आणि एका हाताने पोळी खायची, हे तिला त्या दिवशी जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वन्संना फोन केला. त्यांना हे काही ठाऊक नव्हतं. म्हणाल्या, “मला कुणी बोलावलंच नाही गं, म्हणून ते तिथे टाकलं.” आता मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी त्या डोंबिवलीहून जातात. मऊ भात आणि मेथीची भाजी डब्यात नेतात, बाळाला पायांवर घेऊन तेल लावतात, टाळू भरतात, न्हाऊ घालतात. तेवढ्यात सून जेवते आणि दोन तास झोपते. काजळ आणि ग्राइपवॉटर या दोन गोष्टींवर दोघींचं अजून जुळलेलं नाही.